मोडता येईल असा संगणक

‘मुलीला प्रोग्रॅमिंग शिकायचं आहे, कोणता संगणक घेऊ?’ असा प्रश्न चार माणसांत कुणी विचारला की पुढचा अर्धा तास कसा जाणार, हे आता मला पाठ झालं आहे. पहिला माणूस थेट रॅमवर येतो. ८ जीबी आज पुरेल, उद्या पुरणार नाही, १६ घ्या. प्रोसेसर नव्या पिढीचा बघा. ग्राफिक्स कार्ड वेगळं असेल तर पाच वर्षं बघायला नको. दुसरा म्हणतो, एवढा खर्च कशाला, घरात टॅब आहे की, त्यावर कोडिंग शिकवणारी ढीगभर ॲप्स मिळतात. तिसऱ्याला मुळात पडद्याचीच धास्ती असते. आणि चौथा, बहुधा याच व्यवसायात मुरलेला, सगळ्यांना थांबवून सांगतो की यंत्राला महत्त्वच नाही, शिकणारा कशावरही शिकतो, नाचता येईना त्यालाच अंगण वाकडं दिसतं. माझ्या बहिणीकडे तिच्या अकरा वर्षांच्या मुलीसाठी हीच चर्चा गेल्या वर्षी झाली. चौघंही भल्याचंच बोलत होते. पण जिच्यासाठी संगणक घ्यायचा ती कोपऱ्यात बसून ऐकत होती, आणि त्या यंत्रावर तिला काय काय करू देणार आहोत, हा विषय कुणाच्या तोंडी आला नाही.

हा वाद चुकीच्या टोकाकडून सुरू होतो, असं मला वाटतं. सगळे यंत्राची ताकद मोजतात. मुलाचा त्या यंत्रावर किती अधिकार चालणार, हे कुणी मोजत नाही. प्रोग्रॅमिंग शिकू पाहणाऱ्या मुलासाठी संगणक निवडताना पहिला प्रश्न असा हवा: हा उद्या बंद पडला तर घरात कुणाचं काय अडेल? उत्तर ‘कुणाचंच काही नाही’ असं असेल तरच तो शिकायच्या कामाचा. त्याला खरा कीबोर्ड हवा, त्यावर हवं ते टाकायची आणि काढायची मुलाला पूर्ण परवानगी हवी, आणि बिघडल्यावर मुलाला स्वतःच्या हातांनी तो पुन्हा पहिल्यासारखा करता यायला हवा. एवढं जमल्यावर मग रॅमचं बोलू. जपून वापरायच्या दमदार संगणकापेक्षा मुलाच्या पूर्ण ताब्यातला बेताचा संगणक शिकण्यासाठी चांगला, हे माझं म्हणणं आहे, आणि त्यावर येणारे आक्षेप हलके नाहीत हे ठाऊक असूनही मी ते मांडते आहे.

प्रोग्रॅमिंगचं स्वरूपच बघा. चार ओळी लिहायच्या, चालवून बघायच्या, त्या चुकतात. यंत्र काय म्हणतंय ते वाचायचं, एक ओळ बदलायची, पुन्हा चालवायचं. जाणत्या प्रोग्रॅमरचा दिवसही बराचसा असाच जातो. गणितज्ञ आणि शिक्षणविचारक सेमूर पॅपर्ट यांनी सहकाऱ्यांसह १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली, तेव्हा त्यांच्या विचाराच्या मुळाशी हेच होतं. शाळेत उत्तर बरोबर असतं किंवा चूक, आणि चुकलं की खेळ संपला. प्रोग्रॅमच्या बाबतीत ‘बरोबर आला का?’ हा प्रश्न गौण ठरतो. ‘कुठे अडला, आणि कसा सुटेल?’ हा खरा प्रश्न. लोगोतलं कासव, म्हणजे सूचनांप्रमाणे रेघ ओढत फिरणारी खूण, चौकोन काढायच्या ऐवजी भलतीकडे वळलं तर मूल स्वतः उठून त्या सूचनांप्रमाणे चालून बघतं आणि कुठे चुकलं ते पावलांना कळतं. आपल्याकडे अक्षर शिकणाऱ्या मुलाच्या हाती आधी पाटी द्यायचे, वही नंतर. पाटीवर चुकलेलं पुसता येतं, आणि पुसता येतं म्हणूनच हात मोकळा चालतो. ज्या संगणकावर आईचं ऑफिसचं काम आहे, बाबांचे बँकेचे व्यवहार आहेत, घरातले दहा वर्षांचे फोटो आहेत, त्यावर मुलाचा हात मोकळा कसा चालेल? ‘त्याला हात लावू नकोस’ हे वाक्य दहा वेळा ऐकलेलं मूल अकराव्या वेळी हात लावायचा विचारही करत नाही.

यासाठी १९८० च्या दशकाकडे बघणं उपयोगाचं आहे, कारण तेव्हा हा प्रयोग नकळत फार मोठ्या प्रमाणावर झाला. १९८१ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीच्या संगणक साक्षरता उपक्रमाचा भाग म्हणून एकॉर्न कंपनीचा ‘बीबीसी मायक्रो’ आला. त्याच्या ‘बी’ मॉडेलची स्मृती होती ३२ किलोबाइट. त्याच वर्षीच्या ‘झेडएक्स ८१’ मध्ये तर अवघी १ किलोबाइट. पण बटण दाबलं की क्षणात बेसिक भाषा समोर तयार असायची आणि लुकलुकणारा कर्सर तुमच्या पहिल्या ओळीची वाट बघत असायचा. मासिकांत प्रोग्रॅम छापून यायचे, मुलं ते ओळ न् ओळ टाइप करायची, एखादा स्वल्पविराम चुकायचा, आणि तो शोधता शोधता भाषा कळू लागायची. काही केल्या यंत्र हलेनासं झालं तर बंद करून पुन्हा चालू करायचं. बेसिक रॉममध्ये कायमची कोरलेली होती. मुलानं काहीही टाइप केलं तरी ती पुसली जाणं शक्यच नव्हतं. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी याच बीबीसी मायक्रोवर ‘एलिट’ हा अंतराळातला खेळ लिहिला, तो १९८४ मध्ये आला. आठ आकाशगंगा, दोन हजारांहून जास्त ग्रह, आणि सगळं त्या ३२ किलोबाइटच्या आत बसवलेलं.

इथे एक कबुली द्यायला हवी. त्या काळाबद्दल बोलताना माणसं हळवी होतात आणि ‘अडचणीतूनच माणूस घडतो’ असं काहीतरी सांगू लागतात. ते मला मान्य नाही. १ किलोबाइट स्मृतीत कसला सद्गुण नव्हता. कॅसेटवरून प्रोग्रॅम चढायला कित्येक मिनिटं लागायची आणि शेवटी तो फसायचा, यानं कुणाचं भलं झालं नसेल. कितीतरी मुलांनी त्या त्रासाला कंटाळून नाद सोडला असणार, त्यांच्या आठवणी कुणी लिहून ठेवत नाही. घ्यायच्या त्या दोनच गोष्टी: मनात आल्यापासून पहिली ओळ लिहीपर्यंत मध्ये काही आडवं येत नव्हतं, आणि मुलाच्या हातून कायमचं नुकसान होऊ शकत नव्हतं.

पुढे या दोन्ही गोष्टी गेल्या. घरातला संगणक शक्तिमान झाला, महाग झाला, कुटुंबाचा झाला. तो चालू केला की समोर चित्रं आणि चौकटी येऊ लागल्या. प्रोग्रॅम लिहायची सोय कुठे तरी आत, वेगळी विकत घ्यावी किंवा शोधून टाकावी अशी. खेळायचं तर गेमिंग कन्सोल आलाच होता, त्यात काही लिहायला जागाच नाही. २००० नंतर केंब्रिजमध्ये संगणकशास्त्राच्या प्रवेशाचं काम बघणाऱ्या एबेन अप्टन यांच्या लक्षात आलं की अर्ज कमी होत चालले आहेत, आणि येणाऱ्या मुलांच्या गाठीला आधी स्वतः काही करून पाहिल्याचा अनुभवही पूर्वीसारखा नाही. मुलं कमी हुशार झाली होती का? नाही. त्यांच्या घरातून मोडता येईल असा संगणक नाहीसा झाला होता. त्यातून ‘रास्पबेरी पाय’ आला, २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला. क्रेडिट कार्डाएवढ्या पट्टीवर बसवलेला अख्खा संगणक. ब्रेबेन या प्रकल्पाच्या संस्थापकांपैकी एक आहेत, हे कळल्यावर मला नवल वाटलं नाही. त्या पट्टीतली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट म्हणजे सगळी ऑपरेटिंग सिस्टिम एका काढता येणाऱ्या मेमरी कार्डावर राहते. मुलानं ती पार उद्ध्वस्त केली तरी कार्ड काढायचं, दुसऱ्या संगणकावर पुन्हा लिहायचं, परत खोचायचं. ही पाटीच झाली. हाच संगणक प्रत्येकानं घ्यावा असं मात्र मी म्हणणार नाही. त्याला पडदा, कीबोर्ड, वीजपुरवठा, सगळं जमवावं लागतं, आणि जमवणारा कुणी घरात नसेल तर तो खणात पडून राहतो. कीबोर्डातच सगळं बसवलेलं त्याचं ‘४००’ हे रूप २०२० मध्ये आलं, ते त्या मानानं सोयीचं.

आता टॅबकडे वळू, कारण आज सर्वांत जास्त मुलांच्या हातात तोच आहे. लहान मुलासाठी टॅब वाईट नाही. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीचं, ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायचं ‘स्क्रॅच ज्युनियर’ टॅबवरच शोभतं. बोटानं ठोकळे ओढायचे, मांजर चालतं, मूल हसतं. ॲपलचं ‘स्विफ्ट प्लेग्राउंड्स’ २०१६ पासून आयपॅडवर खरी भाषा शिकवतं आणि नेटकं शिकवतं. मग हरकत कशाची? हरकत अशी की टॅब बनवणाऱ्यानं कुठली दारं उघडी ठेवायची हे आधीच ठरवलेलं असतं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात तयार झालेली ‘स्क्रॅच’ ही मुलांची भाषा २००७ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. मुलांनी बनवलेले स्क्रॅचचे प्रकल्प आयफोनवर दाखवणारं एक ॲप निघालं होतं. ॲपलनं ते २०१० मध्ये आपल्या दुकानातून काढून टाकलं, कारण एका ॲपनं दुसरा कोड चालवणं तेव्हा नियमात बसत नव्हतं. नियम नंतर सैल झाले. पण ते सैल करणारे मालक होते, वापरणारं मूल नव्हतं, ही गोष्ट आजही तशीच आहे. गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे टॅबच्या कल्पनेचा उगमच मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंगमध्ये आहे. संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी १९७२ मध्ये ‘डायनाबुक’ची कल्पना मांडली: वहीएवढा, सोबत नेता येणारा, सर्व वयांच्या मुलांसाठी संगणक. त्यांच्या मनातली मुलं त्यावर अंतराळातला खेळ खेळता खेळता त्या खेळाचाच प्रोग्रॅम बदलायला निघतात. जवळपास चाळीस वर्षांनी आपल्याला तो आकार मिळाला, ती वहीसारखी पातळ पाटी मिळाली. खेळ आतून उघडून बघायची मुभा तेवढी त्यातून गळून पडली.

‘मग ब्राउझर आहे ना,’ असं यावर कुणी म्हणेल. हा आक्षेप टॅबपेक्षा वजनदार आहे. आज स्क्रॅच ब्राउझरमध्ये चालतं, पायथन ही भाषाही चालते, काही टाकावं-काढावं लागत नाही, आणि शाळेतल्या कुठल्याही संगणकावर बसून मूल कालचं काम पुढे नेऊ शकतं. पहिले सहा महिने यासारखी सोय नाही, आणि ज्या घरात दुसरं काही शक्य नाही तिथे हाच रस्ता धरावा, बिनधास्त. पण काही काळानंतर तो रस्ता आखूड पडतो. मुलाचा प्रोग्रॅम कुठे आहे, हे त्याला दाखवता येत नाही. तो कुठल्या तरी खात्यात आहे. खातं उघडायला बऱ्याच ठिकाणी तेरा वर्षं पूर्ण लागतात. नेट गेलं की सगळं गेलं. सेवा बंद झाली की बोलायलाच नको. फाइल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, एक प्रोग्रॅम दुसऱ्याची फाइल कशी वाचतो, हे न कळताच मुलं मोठ्या वर्गात पोहोचू लागली, अशी तक्रार विद्यापीठांत शिकवणारे आता करतात. यात मुलांचा दोष नाही. ज्यांनी कधी फाइल हरवलीच नाही, त्यांना ती कुठे असते हे कळणार तरी कसं? आपण लिहिलेला प्रोग्रॅम आपल्याच डिस्कवर ठेवायचा, त्याचं नाव बदलायचं, चुकून त्यावर दुसरं लिहून बसायचं आणि हळहळायचं, यातून जे कळतं ते कुठलीही सेवा समजावू शकत नाही.

सर्वांत कठीण आक्षेप मात्र पुराव्याचा आहे, आणि तो बाजूला सारून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. मुलांच्या हाती स्वतःचा संगणक दिला की मुलं शिकतात, हे गृहीतक जगात मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं आहे, आणि निकाल उत्साह वाढवणारे नाहीत. निकोलस नेग्रोपाँटे यांच्या ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या मोहिमेतला हिरवा-पांढरा लॅपटॉप २००७ पासून बाहेर पडला. पॅपर्ट यांचाच विचार त्यामागे होता. समोर चाललेल्या कामामागचा कोड बघता यावा म्हणून त्याच्या कीबोर्डवर खास कळ होती. म्हणजे मी जे मागते आहे त्यातलं बरंच त्यात होतं. सर्वांत मोठी खरेदी पेरू देशानं केली. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला: गणित आणि भाषेच्या गुणांवर काहीही परिणाम दिसला नाही. रोमानियाचा अनुभव त्याहून झोंबणारा आहे. तिथल्या सरकारनं कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना संगणक घ्यायला २०० युरोंची मदत दिली. उत्पन्नाच्या मर्यादेच्या जरा खाली असल्यानं मदत मिळालेली आणि जरा वर असल्यानं न मिळालेली कुटुंबं ओफर मालामुड आणि क्रिस्टियान पॉप-एलेकेश या अर्थशास्त्रज्ञांनी ताडून पाहिली. अभ्यास २०११ मध्ये आला. संगणक मिळालेल्या मुलांचे शाळेतले गुण घसरले होते. संगणक प्रामुख्यानं खेळण्यासाठी वापरला गेला. शिकण्यासाठीची सॉफ्टवेअर फार थोड्या घरांत होती.

‘त्यांनी गणिताचे गुण मोजले, प्रोग्रॅमिंग नाही’ असं म्हणून इथून निसटता येईल. मला निसटायचं नाही. ज्या आईला मुलाच्या गुणांची काळजी आहे तिला हे उत्तर म्हणजे पाठ फिरवणं वाटेल, आणि ते रास्त ठरेल. पण त्याच रोमानियाच्या अभ्यासात आणखी दोन गोष्टी आहेत, त्या कुणी सांगत नाही. एक, संगणक मिळालेल्या मुलांचं संगणकावरचं कौशल्य खरोखर वाढलं होतं. दुसरी, अभ्यासाबाबत आईवडिलांचे नियम असलेल्या घरांत गुणांचं नुकसान कमी होतं. याचा अर्थ मी असा लावते: यंत्र एकटं काही शिकवत नाही, शेजारी माणूस लागतं. बीबीसी मायक्रोही एकटा आला नव्हता. त्याच्याबरोबर दूरचित्रवाणीवरची मालिका होती, जाडजूड मार्गदर्शक पुस्तिका होती, शाळा होत्या, प्रोग्रॅम छापणारी मासिकं होती. म्हणून यंत्रावरचा खर्च कमी करा आणि आपला वेळ जास्त घाला, हा माझा आग्रह या पुराव्यानं मोडत नाही, उलट पक्का होतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलाशेजारी बसणारं माणूस मिळालं तर बेताचा संगणकही पुरतो. ते माणूस जाणकार असण्याची गरज नाही. ‘हे असं का झालं?’ एवढं विचारायला जाणकारी लागत नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा उरतोच. मुलाला संगणकाचा पासवर्ड, ॲडमिनचे सगळे हक्क देऊन टाकायचे? इंटरनेटवर काय काय आहे हे माहीत असताना? ही भीती खरी आहे, आणि ती बाळगणाऱ्यांना मी जुनाट म्हणणार नाही. पण या भीतीत आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवतो. यंत्रावरचा ताबा ही एक गोष्ट, इंटरनेटवरची मोकळीक ही दुसरी. पहिली पूर्ण देऊन दुसरी हवी तेवढीच देता येते. घरातल्या राउटरवर नको त्या साइट्स अडवता येतात, रात्री नेट बंद ठेवता येतं, संगणक बैठकीच्या खोलीत, पडदा सगळ्यांना दिसेल असा ठेवता येतो. यातल्या कशासाठीही मुलाच्या हातून त्याच्या संगणकाचा ताबा काढून घ्यावा लागत नाही. उलट आपण सर्रास काय करतो? यंत्राला कुलूप घालतो, मूल एक साधं सॉफ्टवेअरही टाकू शकत नाही, आणि त्याच मुलाच्या हाती मोबाइलवरचे व्हिडिओ तासन्तास मोकळे असतात. पायथन टाकायला परवानगी नाही आणि पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो, ही कसली सुरक्षितता? पॅपर्ट यांनी विचारलेला प्रश्न इथे पुन्हा समोर येतो: मूल संगणकाला चालवतंय, की संगणक मुलाला? शिवाय वेगळ्या यंत्रावर घरच्यांचं काही नसतंच. तिथे चुकून काही घातक आलं तरी पुसून मोकळं होता येतं. कुटुंबाच्या सामायिक संगणकावर तेच आलं तर सगळ्यांचं घोडं अडतं.

ताकदीचं थोडक्यात आटोपते. ज्या मुलाला त्रिमितीय खेळच बनवायचे आहेत, जड गेम इंजिनं चालवायची आहेत, त्याला चांगलं ग्राफिक्स कार्ड खरंच लागेल. पण त्या टप्प्यावर पोहोचलेलं मूल काय लागतं आणि का लागतं ते तुम्हाला स्वतः सांगेल, आणि तेव्हा घेतलेलं यंत्र वाया जाणार नाही. सुरुवातीला पायथन, स्क्रॅच, वेबपान, छोटे सपाट खेळ यांना दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप पुरतो, दोन अटींवर. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. संगणक सुरू व्हायला चार मिनिटं लागत असतील तर मुलाचा उत्साह त्या चार मिनिटांत विझतो, आणि प्रोसेसर बदलण्यापेक्षा या एका बदलानं जास्त फरक पडतो. आणि रॅम ४ जीबीच्या खाली नको, ८ असेल तर उत्तम. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे कितीतरी धडधाकट लॅपटॉप घरोघरी, ऑफिसांत अडगळीत गेले. त्यांच्यावर लिनक्स मिंटसारखी फुकट मिळणारी प्रणाली छान चालते. लोक ज्यांना भंगार म्हणताहेत, त्यांतले बरेच मुलांच्या हाती जायला हवेत. क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या क्रोम ओएसवर चालणारा लॅपटॉप, असेल तर त्यावर लिनक्स सुरू करता येतं का एवढं आधी बघा. शाळेनं दिलेल्या क्रोमबुकवर ती सोय पुष्कळदा बंद केलेली असते. पडदा मात्र फार लहान नको, कारण एका बाजूला कोड आणि दुसऱ्या बाजूला त्याचा परिणाम दिसणं यात शिकणं अर्धं सोपं होतं.

आता अंगण वाकडं म्हणणाऱ्या चौथ्या माणसाकडे. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे: इंग्रज गणितज्ञ एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये जो प्रोग्रॅम लिहून ठेवला, तो ज्या यंत्रासाठी होता ते यंत्र कधी बांधूनच झालं नाही. बेसिक जिथे १९६४ मध्ये जन्मली त्या अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात विद्यार्थ्यांकडे स्वतःचा संगणक नव्हता. एकाच संगणकाला जोडलेल्या टेलिटाइपवर, म्हणजे कागदावर छापणाऱ्या टंकयंत्रांवर, ते आळीपाळीनं बसत. पण जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी तिथे काय केलं होतं ते बघा. ग्रंथालयातली पुस्तकं जशी कुणीही जाऊन उघडावीत, तसा संगणक सर्व विद्यार्थ्यांना खुला ठेवला. कशासाठी हवा, असं विचारलं जात नसे. यंत्र दूर कुठे तरी होतं, तरी वापरणाऱ्याला परकं नव्हतं. म्हणजे अंगणाला महत्त्व आहेच. ते केवढं आहे यापेक्षा तिथे नाचू देतात की नाही, याला आहे.

आणि कोड लिहून देणाऱ्या एआयमुळे हे सगळं शिकायचंच कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांना एवढंच सांगते की लिहून मिळालेला कोड बरोबर चालतोय का, हे ठरवायला तो कुठे तरी चालवून, मोडून बघावा लागतो. ते करायची सवय आणि जागा दोन्ही नसलेलं मूल मिळेल ते उत्तर मान्य करेल. मला आजच्या मुलांबद्दल सर्वांत जास्त काळजी वाटते ती याचीच.

बहिणीकडच्या त्या चर्चेचा शेवट असा झाला की कुणाचंच कुणाला पटलं नाही, आणि मी माझ्याकडचा नऊ वर्षांचा लॅपटॉप एसएसडी घालून, लिनक्स टाकून भाचीला दिला. पासवर्ड तिनंच ठरवला, मला सांगितला नाही. तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला, आवाज रडवेला. कुठे तरी वाचून टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या चौकटीत, काहीतरी पुसून टाकायची आज्ञा दिली होती, आणि आता काळ्या पडद्यापलीकडे काहीच येत नव्हतं. तिनं बनवलेला आकडे ओळखायचा खेळही त्यात गेला. मी गेले, लिनक्स पुन्हा टाकायचा पेन ड्राइव्ह तिच्या हातात दिला आणि शेजारी बसून राहिले. माझे हात शिवशिवत होते. कीबोर्ड ओढून घेतला असता तर वीस मिनिटांचं काम. तिला अडीच तास लागले. डिस्कचे भाग कसे पाडायचे या पडद्यावर ती बराच वेळ थांबली, एकदा चुकीचा पर्याय निवडला, परत सुरुवातीपासून आली. डेस्कटॉप दिसला तेव्हा तिनं आधी खेळ पुन्हा लिहायला घेतला, आठवेल तसा. तो आधीच्यापेक्षा लहान झाला आणि जास्त चांगला चालला.

दोन महिन्यांनी बहिणीनं सहज बोलताना सांगितलं, लॅपटॉप परत पार बिघडला होता, रविवारी दिवसभर काहीतरी करत बसली होती. मला फोन का नाही केला, असं मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, ‘अगं मावशी, तुला कशाला? फाइल्स मी आदल्या रात्रीच पेन ड्राइव्हवर काढून ठेवल्या होत्या.’